नगराला पंच कोण?

आग्रही : काका, बेळगावात जागा संपली असं जो-तो म्हणतो. मला ते पटत नाही. जागा आहे, पण ती भिंतींत अडकली आहे. हिंदवाडी, भाग्यनगर, सदाशिवनगर, महांतेशनगर, कुठंही जा. तीस-चाळीसचा प्लॉट, त्यावर एक घर आणि चारी बाजूंनी कंपाऊंड. परवा मी शेजारशेजारच्या दोन घरांमधली जागा टेप लावून मोजली. यांचे तीन फूट, त्यांचे तीन फूट, मध्ये भिंत. भिंतीच्या अलीकडं फुटकी बादली, गंजलेली सायकल, वाळलेली तुळस. पलीकडं वॉशिंग मशीनच्या पाण्यावर वाढलेलं शेवाळ. तिथं ऊन पोचत नाही, वारा फिरत नाही, माणूस गेला तर टाकी धुवायला जातो. चाळीस फूट लांब आणि सहा फूट रुंद, म्हणजे 240 चौरस फूट. अशा शंभर फटी धरल्या तर 24,000, म्हणजे 22 गुंठे. अर्ध्या एकराहून जास्त जमीन आपण शेवाळाला दिली आहे. आणि तिकडं कणबर्गी, मच्छे, कंग्राळी, येळ्ळूर रोड असं करत भाताचं शिवार प्लॉट पाडून संपवत चाललोय. माझं म्हणणं असं की आता शिवाराचा एकही नवा गुंठा घ्यायच्या आधी ही नगरं पुन्हा आखली पाहिजेत. घराला घर लागू दे, एकाच्या जागी तीन कुटुंबं राहू देत, रस्त्याच्या अंगाला दुकान, दवाखाना, शिकवणी असू दे. ज्या काळासाठी हे प्लॉट पाडले, तो काळ गेला. खाली दोघं म्हातारे, वरच्या मजल्याला कुलूप आणि मुलं पुण्या-बेंगळुरात, हे चित्र तुम्हाला दर चौथ्या घरात दिसेल.

साशंक : त्या दोघा म्हाताऱ्यांतला एक मी आहे, म्हणून आधी त्यांची बाजू ऐक. माझा जन्म शहापूरच्या गल्लीतला. दीड खोलीत दोन बिऱ्हाडं, संडास गल्लीच्या टोकाला, आणि आईला अंघोळीला पहाटे चारला उठावं लागायचं, कारण त्यानंतर आडोसा मिळायचा नाही. वडिलांनी अठरा वर्षं पैसे साठवून हिंदवाडीत प्लॉट घेतला. घर पूर्ण व्हायच्या आधी त्यांनी काय बांधलं असेल, तर कंपाऊंड. तू ज्याला वाया गेलेले तीन फूट म्हणतेस, ते आमच्या आईला मिळालेले पहिले तीन फूट, जिथं ती कुणाच्या नजरेत न येता केस वाळवू शकली. तिथं जास्वंद होती. आता ऊन येत नाही, कारण शेजाऱ्यानं दोन मजले चढवले. म्हणजे जागा मुळात वाया गेलेली नव्हती, ती नंतर घालवली. आता तू म्हणतेस, अजून मजले चढवा.

आणि हे काही नवं नाही. पुण्यात प्रभात रोडला हेच झालं. बंगला गेला, अपार्टमेंट आली, आंब्याचं झाड गेलं, पार्किंग आलं. माणसं वाढली, पण ओळखीची माणसं कमी झाली. शहर दाट झालं म्हणजे ते शहर झालं, असं होत नाही.

आग्रही : अपार्टमेंट मला नकोच आहे. दाटी म्हणजे उंची, हा समज आपण पुण्या-मुंबईकडून उसना घेतला. माझा नमुना तुमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. वडगावात जा. पुढच्या खोलीत माग, मागे स्वयंपाकघर, वर झोपायची खोली, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याशी सामायिक. उंबऱ्यात बसून आजी कांड्या भरते आणि तिचा एक डोळा गल्लीत खेळणाऱ्या नातवावर. त्या गल्लीत दर एकरी जितकी माणसं राहतात तितकी तुमच्या हिंदवाडीत राहत नाहीत, आणि एकही इमारत तिथल्या नारळाहून उंच नाही. आपल्या नगरांच्या नियमांत मात्र घर वेगळं, धंदा वेगळा, बाजार वेगळा. दूध आणायला गाडी काढायची. मुलगी शिकवणीला जायची तर बापानं सोडायचं.

बसचंच बघा. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना बस फुकट झाली. येळ्ळूरहून, हिंडलग्याहून धुणीभांडी करायला, शिलाईकामाला येणाऱ्या बाईच्या हातात त्यामुळं महिन्याचे पैसे उरू लागले. पण बस मुख्य रस्त्यावर सोडते. तिथून आत नगरात दीड किलोमीटर चालायचं, उन्हातनं, दोन्हीकडं नुसती कंपाऊंडं. आतल्या रस्त्यावर बस का जात नाही? तिथं पुरेशी माणसंच नाहीत म्हणून. विरळ वस्तीला बस परवडत नाही, आणि बस नाही म्हणून प्रत्येक घरात दोन गाड्या.

साशंक : वडगावचं गाणं गाऊ नकोस, पोरी. मागाचा खडखडाट दिवसाचे बारा तास ऐकून माझ्या मावशीचे कान गेले. ती बोलायची तेव्हा ओरडायची, आणि आम्हाला लहानपणी वाटायचं ती रागीट आहे. त्या उंबऱ्यातल्या आजीला विचार, हिंदवाडीत घर मिळालं तर जाशील का? ती एका पायावर तयार होईल. ज्यांना जमलं ते गल्लीतनं बाहेर पडले, आणि आता त्यांचीच शिकलेली नातवंडं येऊन सांगतात की गल्लीत परत चला.

दुसरं, वडगाव-शहापूरची दाटी पाण्यात किती टिकते ते 2019 च्या ऑगस्टमध्ये बघितलंय मी. बळ्ळारी नाला फुगला की आधी येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूरचं शिवार पाण्याखाली जातं. चार-चार दिवस भाताची रोपं बुडून राहतात, कुजतात, दुबार लावण करावी लागते. शेतकऱ्याचं त्यात नुकसान आहे, पण शहराचं रक्षणही तेच शिवार करतं. पाणी तिथं पसरतं म्हणून घरात कमी शिरतं. नाला गाळानं आणि जलपर्णीनं भरलाय, दरवर्षी निवेदनं जातात. तू नगरात तिप्पट माणसं आणणार, म्हणजे तिप्पट सांडपाणी. ते कुठं सोडणार? त्याच नाल्यात.

आग्रही : म्हणजे शिवारावर बांधू नये, इथं आपलं एकमत आहे.

साशंक : शिवाराच्या बाबतीत मी तुझ्याहून कडवा आहे. वडगावच्या शिवारातला बासमती निसवला की संध्याकाळी येळ्ळूर रोडनं सायकलवर येताना वास यायचा. भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा. एकही पाणी न देता दुसरं पीक देणारी जमीन आहे ती. हलगा-मच्छे बायपाससाठी त्याच पट्ट्यातली जमीन गेली. शेतकरी कोर्टात गेले, बायका उभ्या पिकात यंत्रांसमोर आडव्या झाल्या. रिंग रोडलाही गावागावांतनं विरोध झाला. तेव्हा शिवाराबद्दल मला शिकवू नकोस. माझी शंका वेगळी आहे. शिवार वाचवायचं म्हणून तू नगरं दाट करणार. पण नगरं दाट झाल्यानं शिवार वाचतं, हे कुणी सांगितलं?

आग्रही : उलट बाजूनं बघू. 2011 च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत 4 लाख 88 हजार माणसं होती. त्यानंतर खानापूर, बैलहोंगल, गोकाककडून येणारा ओघ थांबलेला नाही. ही माणसं कुठं राहणार? शिवारात नको, नगरात नको, तर मग उरतो तो बाँडवरचा प्लॉट. शेतकरी दहा गुंठे काढतो, बिगरशेती न करता त्याचे वीस-तीसचे तुकडे पाडतो, बाँड पेपरवर लिहून देतो. रस्ता म्हणजे बैलगाडीची वाट. आधी घर, मग विजेसाठी अर्ज, मग पाण्यासाठी, गटारासाठी शेवटी, आणि तोवर प्रत्येकानं खणलेला शोषखड्डा शेजाऱ्याच्या बोअरवेलला लागलेला असतो. असली घरं नियमित करणारी अक्रम-सक्रम योजना 2017 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टात अडकली. आता बी-खाता, म्हणजे अनधिकृत घराच्या करनोंदीचा उतारा मिळतो. खाता मिळाला तरी रस्त्याची रुंदी वाढत नाही. नगर न आखता वाढलेलं शहर असं दिसतं. आपण हिंदवाडीत तीन कुटुंबांना जागा दिली नाही म्हणून ती तिकडं गेली.

साशंक : ती तिकडं गेली, कारण हिंदवाडी त्यांच्या खिशाबाहेर आहे. बाँडचा प्लॉट घेणारा कोण? मार्केट यार्डातला हमाल, मागावरचा कामगार, खानापूरचा गवंडी. त्याला बँक कर्ज देत नाही. हप्त्याहप्त्यानं जमीन देणारा शेतकरी हाच त्याचा सावकार आणि हाच त्याचा बिल्डर. तू नगरात आणखी दोन मजल्यांची परवानगी दे, दुसऱ्या दिवशी प्लॉटचा भाव वाढेल. वरच्या मजल्यावर येतील ते विद्यार्थी, औषध कंपन्यांची पोरं, नोकरदार जोडपी. येऊ देत, माझी हरकत नाही. पण गवंडी येणार नाही. तो अजून दोन मैल पुढं जाईल, आणखी एक शिवार फोडेल.

आणि शेतकरी का विकतो, तेही बघ. चार भावांत दीड एकर. तीन वर्षं नाल्याच्या पाण्यानं पीक गेलेलं. मुलगी लग्नाची. गुंठ्याला जे मिळतं ते बासमती पिकवून त्याच्या हयातीत मिळणार नाही. त्याला शिवार राखायला सांगायचं असेल तर राखण्याचा मोबदला कोण देणार? शहराला त्याच्या शेतात पाणी पसरवायचा हक्क फुकट हवाय.

आग्रही : हे मान्य. याचं उत्तर माझ्याकडं पूर्ण नाही, पण एक हत्यार आहे आणि ते आपलंच आहे. 1915 साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला, देशातला पहिला. बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात, 1956 पर्यंत आपण तिकडंच होतो. त्या कायद्यात जमीन हिसकावून घ्यायची नव्हती. सगळ्यांची जमीन कागदावर एकत्र करायची, रस्ता, बाग, शाळा यांना लागणारा हिस्सा प्रत्येकाकडून सारखा कापायचा, आणि उरलेली जमीन चौकोनी करून ज्याची त्याला परत द्यायची. गुजरातनं ती रीत अजून चालवली आहे. पुण्यात हडपसरला मगर मंडळींनी हे कायद्यावाचूनच केलं. शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे 400 एकर एकत्र केली, कंपनी काढली, मगरपट्टा उभा केला. जमीन गेली पण मालकी गेली नाही. हीच रीत मी शिवारासाठी नाही, जुन्या नगरांसाठी मागते. एका ओळीतल्या दहा घरांनी आपापले तीन फूट कागदावर एकत्र करावेत. मागच्या अंगाला सामायिक बोळ निघेल, गटार त्याखालनं जाईल, पावसाचं पाणी जिरवायला जागा मिळेल, आणि त्याबदल्यात प्रत्येकाला वर एक मजला.

बाहेर बघायचं तर न्यूझीलंडमधल्या ऑकलंडनं 2016 साली बंगल्यांच्या बहुतेक भागांत एका प्लॉटवर अनेक घरांना मुभा दिली. तिथं जोडघरं, चाळीसारखी ओळघरं भराभर उठली.

साशंक : आणि 2023 च्या जानेवारीत त्याच ऑकलंडमध्ये पुरानं घरं धुतली. माझा भाचा तिथं आहे, त्यानं रात्री फोन केला होता. पूर दाटीमुळं आला असं मी म्हणत नाही. पण मजले मोजताना पाणी मोजायला विसरू नये, एवढं म्हणतो.

मगरपट्ट्याचं सांगतेस, तर तिथं बहुसंख्य एकाच आडनावाची भावकी होती. एकमेकांवर भरोसा होता, सांगणारा मोठा माणूस होता. इथल्या शिवारात काय आहे? दहा-दहा गुंठ्यांचे मालक, कुळाचे वाद, वारसांची नावं न लागलेले उतारे. आणि त्याहून अवघड गोष्ट, जी तुझ्या नकाशावर दिसत नाही. येळ्ळूरच्या शेतकऱ्याच्या दारात नोटीस येते, ती त्याला वाचता न येणाऱ्या कन्नडात. 1956 पासून, मग सीमेच्या प्रश्नावरच्या महाजन आयोगापासून, महाराष्ट्राच्या 2004 च्या दाव्यापासून तो महाराष्ट्रात जायची वाट बघतोय. मोजणीदार बांधावर आला की त्याला रस्ता दिसत नाही. आपलं गाव उद्या गाव म्हणून राहील का, हा प्रश्न दिसतो. तू म्हणशील, नगररचना वेगळी आणि सीमाप्रश्न वेगळा. तुझ्या टेबलावर वेगळा असेल. ज्याला सरकारवर भरोसा नाही, तो आपली जमीन कागदावरसुद्धा एकत्र करायला देणार नाही.

आग्रही : म्हणूनच मी सरकारपासून सुरुवात करत नाही, गल्लीपासून करते. काका, गल्लीत आणि नगरात खरा फरक भिंतीचा नाही, पंचांचा आहे. शहापूर, वडगाव, रविवार पेठ, कुठल्याही गल्लीला पंचमंडळी असते. देवळाचा हिशोब, गणपतीचा मंडप, कुणाची पायरी रस्त्यात आली, कुणाची मोरी कुणाच्या दारात फुटली, हे सगळं पंच बसून मिटवतात. नगराला काय आहे? व्हॉट्सॲपचा ग्रुप. कुत्री आणि कचरा यापलीकडं तिथं विषय जात नाही. नगर आखताना आपण रस्ते आखले, सी.ए. साइट, म्हणजे सार्वजनिक सोयींच्या जागा सोडल्या, पण एकमेकांशी बोलायचं ठिकाण सोडलं नाही.

निपाणीत मला हेच जास्त ठळक दिसलं. गावात तंबाखूच्या वखारी आहेत. जाड भिंती, उंच कौलारू छपरं, आत एवढी जागा की अख्खी शाळा बसेल. पूर्वी हंगामात आतनं शेकडो बायकांचा आवाज यायचा. आता काही वखारींना कुलूप. आणि गाव पसरतंय कुठं, तर अक्कोळ रोडला, महामार्गाच्या कडेला, उसाच्या रानात. रेल्वे नाही, गावात फिरायला बस नाही, वडापच्या जीपवर सगळा भार. त्या वखारींत घरं होऊ शकतात, कामाच्या जागा होऊ शकतात, गावाच्या मध्यावर, कुठलंही रान न मोडता. त्यासाठी मालक, भाडेकरू, आजूबाजूची गल्ली यांनी एकत्र बसायला हवं.

साशंक : वखारीत बसून तंबाखू निवडणाऱ्या बाया कुठं राहायच्या, बघितलंस? वखारीपासून चालत जाता येईल अशा खोल्यांत. नाकाला पदर बांधून दिवसभर बसायच्या, आणि घरी गेल्यावर भाकरीलाही तंबाखूचा वास. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले, ते साऱ्या देशाला कळलं. या बायांची मजुरी किती होती ते किती जणांना कळलं? आता वखारीची सुंदर घरं होतील, तेव्हा त्यांच्यातली एकतरी तिथं राहायला येईल का?

आणि पंच म्हणतेस. मी पंचांच्या बैठकीत बसलोय. चांगली माणसं, रात्री बारापर्यंत बसून भांडण मिटवणारी. पण त्या बैठकीत बाई मी बघितली नाही. भाडेकरूला विचारलेलं बघितलं नाही. गल्ल्या कशा बसल्या, ते तुला माहीत आहे. अमुक जातीची ही गल्ली, तमुकांची ती. आमच्या आईला पहाटे चारला उठावं लागायचं, हा प्रश्न एकाही पंचापुढं कधी आला नाही, कारण तो मांडणारं तिथं कुणी नव्हतं. हिंदवाडीच्या कंपाऊंडनं तिला गल्लीपासून जेवढं सोडवलं तेवढंच पंचांपासूनही सोडवलं. तू भिंत पाडून पंच आणणार असशील, तर कुठले पंच ते आधी ठरव.

आग्रही : हे मी या बाजूनं कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणत होते की नगराला गल्लीचे पंच द्या. ते चुकलं माझं. गल्लीच्या पंचांनी मिटवलेली भांडणं मला दिसत होती, त्यांच्यापुढं आलीच नाहीत ती दिसत नव्हती. मग असं म्हणू का, की जे नगर नव्यानं आखायचं, त्यात वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला, बसनं कामाला येणाऱ्या बाईला, आणि खालच्या अंगाला ज्याच्या शेतात आपलं पाणी जाणार त्या शेतकऱ्याला बोलायचा हक्क हवा? शेतकरी तर नगरात राहतही नाही. तरी नगराचं पाणी त्याच्या बांधावर जातं, म्हणजे त्याची सही लागलीच पाहिजे.

साशंक : असं कुणी कुठं केलंय?

आग्रही : माझ्या माहितीत नाही.

साशंक : मग खर्च कुणाचा? नाल्याचा गाळ काढायचा, शेतकऱ्याला पसरलेल्या पाण्याचे पैसे द्यायचे, गवंड्याला परवडेल अशी एक खोली प्रत्येक ओळीत राखायची. एका मजल्याच्या परवानगीतनं हे सगळं निघेल?

आग्रही : सगळं नाही निघणार. काही निघेल. वाढलेल्या भावातला वाटा आज जमीनमालक आणि बिल्डर दोघंच घेतात, त्यात तिसरा हिस्सेदार घालता येईल. पण त्यासाठी मालकानं आधी मान्य केलं पाहिजे की भाव त्याच्या एकट्याच्या कष्टानं वाढलेला नाही. रस्ता आला, शाळा आली, पाणी आलं, म्हणून वाढला. टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे ना, 1924 च्या अधिवेशनाची. मोकळ्या माळावर विजयनगर नावाचं तंबूंचं गाव उठवायचं होतं, तेव्हा काँग्रेसवाल्यांनी आधी पाण्याची सोय केली, सगळ्यांची मिळून. आपण आज आधी प्लॉट पाडतो, आणि पाणी ज्याचं त्यानं बोअर मारून बघायचं.

काका, मी सरळ विचारते. तुमचे तीन फूट तुम्ही द्याल?

साशंक : विहिरीवरनं आठवलं म्हणून सांगतो. माझ्या परसात विहीर आहे. ती वडिलांनी खणलेली नाही. हिंदवाडी शेत होतं, तेव्हाची आहे ती, चौघा शेतकऱ्यांची सामायिक. प्लॉट पडले तेव्हा सीमारेषा तिच्या पलीकडनं गेली आणि विहीर आमच्या उताऱ्यावर आली. त्या चौघांपैकी एकाची सून अजून दर नागपंचमीला येते, कठड्याला हळदकुंकू लावते, चहा घेऊन जाते. तिचं घर आता बाँडच्या प्लॉटवर आहे, येळ्ळूर रोडला. उन्हाळ्यात तिच्याकडं आठ-आठ दिवस नळ येत नाही, आणि माझ्या विहिरीला मे महिन्यातही दोन पुरुष पाणी असतं. शेजारचं घर विकायला निघालंय, मुलगा पुण्यात आहे. तो भिंत पाडायला हो म्हणेल असं मला वाटत नाही. मी म्हणेन. जास्वंद गेलीच आहे, तीन फूट घे. पण बोळ काढलास तर विहीर बोळात येते. मग ती दहा घरांची होईल, का त्या सुनेचाही तिच्यात वाटा धरायचा? कुणाच्या नावावर लावायची, ते ठरवून ये.